न वाचलेली सही

१

चोर आपल्या पायांनी वजनकाट्यावर येत नाही. ज्याच्या गाडीतला माल घटलाय तो काटा टाळून, आडरस्त्याने, जमलं तर दुसऱ्या राज्यातून जातो. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरचा वजनकाटा नऊ वर्षं चालवणाऱ्या ज्योतीला एवढं कळायला कुणा फौजदाराची गरज नव्हती. म्हणून त्या सकाळी सातला तमिळ पाटीचा तो ट्रक पुन्हा काट्यावर चढलेला दिसला, तेव्हा ती चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आली.

कालच दुपारी साडेचारला तिने या गाडीचं वजन केलं होतं. विश्वंभरशेठची हळद भरून गाडी ईरोडला निघायची होती. प्रत्येक पोतं पन्नास किलोचं, आणि त्यावर ईरोडच्या व्यापाऱ्याचा निळा मार्का. बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा कागद, सकाळी मिळणार म्हणून गाडी रात्री शेठच्या गोदामाच्या आवारातच राहिली होती. मग आता पुन्हा वजन कशाला?

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, काळासावळा, वर दुमडलेली लुंगी, कपाळावर भस्माचे पट्टे. वेलुसामी त्याचं नाव, हे कालच्या पावतीवर होतं. त्याने आधी काट्याकडे बोट केलं, मग ताडपत्रीच्या दोरीची शेवटची गाठ हातात धरून ती ज्योतीला दाखवली. मग भडाभडा बोलला. ज्योतीला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, पण माणूस घाबरलेला नाही, संतापलेला आहे, हे मात्र बरोबर कळलं.

तिने पडद्यावरचा आकडा पाहिला. काल चोवीस टन दोनशे किलो. आज तेवीस टन सहाशे.

सहा क्विंटल कमी. म्हणजे बारा पोती हळद रातोरात गायब.

ज्योतीने दोन्ही पावत्या शेजारी ठेवून वेलुसामीला दाखवल्या. आकड्यांना भाषा लागत नाही. त्याने ते वाचले आणि कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात फाटकातून मोटारसायकल आत घुसली आणि शेठचे मुनीम शेषराव गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडले, "सापडला! चोर सापडला!"

कुणी अजून चोरी झाली म्हटलंही नव्हतं.

२

अर्ध्या तासात काट्यावर पंचायत भरली. गोष्टीतली माणसं तेवढीच, ती एकदा नीट ओळखून घ्या.

शेषराव मुनीम. चाळिशीचे, पीळदार अंगाचे, कमरेला गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा. बोलताना तो जुडगा वाजवायची त्यांना खोड होती. देविदास, हमालांचा मुकादम. माल यानेच भरला. आणि धर्मसिंग, इथलाच ट्रकवाला. ईरोडचं हे भाडं आपल्याला मिळणार म्हणून आठ दिवस गाडी धुऊन बसलेला. ते या लुंगीवाल्याला गेलं, तेव्हापासून तो सगळ्या गावाला आपली तकलीफ सांगत सुटला होता.

आणि काट्याच्या ओट्यावर, खाटेवर बसलेले पुंजाजी. ज्योतीचे वडील. पूर्वी ट्रक चालवायचे, आता कानाने अर्धे गेलेले.

शेषरावांनी खिशातून दुमडलेला कागद काढला. "शेठ हिंगोलीहून दुपारी एकला येतेत, संगं पोलीस बी येतेत. तवर याची सही घेऊन ठेवतो. ज्योतीबाई, दोन पावत्या द्या जोडायला."

"कशाचा कागद हाय?"

"कबुलीचा."

ज्योतीने हात पुढे केला. द्यावा की नाही असा विचार करत शेषरावांनी तो दिला. तिने तिथेच मोठ्याने वाचला: "मी, वेलुसामी, राहणार जिल्हा ईरोड, लिहून देतो की काल सायंकाळी मी पेट्रोल पंपाजवळ तासभर थांबून बारा पोती हळद अनोळखी माणसास विकली. हा गुन्हा मला कबूल असून माझी काही तक्रार नाही."

"सुंदर अक्षर हाय," ज्योती म्हणाली. "यातलं त्याला काय वाचता येतं?"

"त्याला काहून वाचायचंय? सही करायचीय."

शेषरावांनी कागद वेलुसामीपुढे धरला, पेन त्याच्या बोटांत कोंबला. वेलुसामीने कागद उलटसुलट पाहिला. मग कागद ज्योतीच्या हाती दिला, पेनचं टोपण शांतपणे लावून तो शेषरावांच्या खिशाला अडकवला आणि दोन्ही हात छातीवर बांधून उभा राहिला. "इल्ले," म्हणाला. ते सगळ्यांना कळलं.

"मुजोरी बघा चोराची!" शेषराव उसळले.

खाटेवरून पुंजाजी बोलले. कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या केळीच्या बागेपर्यंत ऐकू गेलं. "ज्योते, सही करू देऊ नको त्याला!"

ज्योती चार वर्षांची होती तेव्हा पुंजाजी केळी घेऊन तमिळ मुलखात गेले होते. तिथे एका गावी कुणाच्या तरी गाडीला धडक बसली. धडक देणारा पळाला आणि मागे उभे असलेले पुंजाजी सापडले. त्यांच्यापुढे तमिळमधला कागद आला. "साइन, साइन," एवढंच ते लोक म्हणत होते. केली सही. आठ महिने आत. घरी आईने त्यांच्या नावाने रडून घेतलं होतं, आणि एक दिवस ते हाडांचा सापळा होऊन दारात उभे राहिले. कागदात काय लिहिलं होतं ते त्यांना आजतागायत माहीत नाही.

ज्योती सरळ फाटकाकडे गेली. साखळी ओढली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

"पावती मिळणार न्हाई," ती म्हणाली. "आन काट्यावर चढलेली गाडी माझ्या हुकमाबिगर उतरत न्हाई. शेठ येऊ द्या, पोलीस येऊ द्या. ज्याला वाचता येत न्हाई त्याची सही माझ्या काट्यावर होणार न्हाई."

"आन चोर हाच निघाला तर?"

"तर माझा काटा बंद करा," ज्योती म्हणाली. "मीच कुलूप लावून देईन."

बोलून गेली खरी. पण हा काटा म्हणजे तिचं घर होतं, भाकरी होती, बापाची औषधं होती. आणि एक वाजायला फक्त पाच तास होते.

३

ज्योतीने मोबाइल काढला, भाषांतराचं ॲप उघडलं आणि वेलुसामीच्या तोंडापुढे धरलं. त्याने शंका घेतल्यासारखं त्या यंत्राकडे पाहिलं आणि एक वाक्य बोलला. यंत्र म्हणालं, "माझी दोरी परकी झाली आहे."

धर्मसिंग खो खो हसला. ज्योती हसली नाही. ती दोरीजवळ गेली. पुढच्या सगळ्या गाठी एका हाताच्या होत्या, चपट्या, टोक आत खोचलेल्या. मागच्या फाळक्यावरच्या तीन तेवढ्या फुगीर, टोकं लोंबणाऱ्या. रोज हजार दोऱ्या पाहणाऱ्या बाईला ते दिसायला उशीरच झाला होता. गाडी मागून कुणीतरी उघडली होती, आणि पुन्हा बांधणारा हात वेलुसामीचा नव्हता.

"मंग सकाळी गाठी बघून हा आपणहून वजनाला आला," ती म्हणाली. "चोर असता तर आतापोवतर नांदेड ओलांडून गेला असता."

"नाटक हाय ते," शेषराव म्हणाले. "मी काल इथं असतो तर रंगेहाथ धरला असता. पाचलाच हिंगोलीला गेलो, भाचीच्या साखरपुड्याला. सकाळी आलो."

ज्योतीने यंत्र पुन्हा पुढे केलं. तुकड्या-तुकड्यांनी, चुकतमाकत वेलुसामीची हकिगत बाहेर आली. काल दिवेलागणीला तो गाडीपाशी होता. रुमालाने तोंड बांधलेला एक माणूस आला. तुझ्या मालकाचा माणूस पेट्रोल पंपावर कागद घेऊन थांबलाय, म्हणाला. वेलुसामी चालत गेला. तासभर उभा राहिला. कुणीच नाही. परत आला, जेवला, झोपला.

"आन हा मनुष्य त्याच्याशी बोलला कोणत्या भाषेत?" देविदासने विचारलं.

ज्योतीने विचारलं. यंत्र म्हणालं, "माझ्या भाषेत. चांगल्या तमिळमध्ये."

आता सगळेच हसले. आखाडा बाळापुरात तमिळ बोलणारा रुमालवाला! शेषरावांनी तर मांडीवर थाप मारली. "ऐका! भूत बी तमिळ बोलून राहिलं. मी नांदेडच्या पुढं पाय ठेवला न्हाई आजवर, आन इथं येऊन कोण बोलणार हो तमिळ? धर्मसिंग सोडून कुणी तिकडं गेलंय का?"

सगळ्यांच्या नजरा धर्मसिंगकडे वळल्या. भाडं गेल्याचा राग, दक्षिणेच्या खेपा, सगळं त्याच्या अंगावर बेतल्यासारखं बसत होतं. तो लालबुंद झाला. "दोनदा गेलो हाय. साप्पाडु म्हणजे जेवण, तन्नी म्हणजे पाणी. बाकी बोटानं दाखवतो. त्याच्यापेक्षा जास्त तर आपल्या गावात बोअर पाडायच्या गाड्यांवरचे तिकडचे लोक बोलतेत, महिना महिना मुक्काम असतो त्यांचा!"

"काल दिवेलागणीला कुठं होतास?"

"घरी."

"कोण होतं संगं?"

"म्हैस," धर्मसिंग म्हणाला.

ज्योतीने देविदासला बाजूला घेतलं. काल आवारात गाडी कशी लावली होती? मागची बाजू गोदामाच्या दाराला टेकवून, आवार अरुंद म्हणून. आणखी काही? देविदास आठवून म्हणाला, "लावल्यावर यानं पुढल्या चाकांखाली एक एक लिंबू ठिवलं. देवाचं असंल. सकाळी गाडी निघाली तवा मी झाडून घेतलं. दोन लिंबं चिरडलेली व्हती."

"दोनच?"

"दोनच. मोजून."

तेवढ्यात वेलुसामीचा फोन वाजला. तो थोडं ऐकून घेत होता, थोडं ओरडत होता. नंतर यंत्राने सांगितलं ते असं: "माझा मालक म्हणतो, सही कर आणि गाडी सोडव. मी म्हणालो, गाडी तुझी आहे. नाव माझ्या बापाचं आहे."

ज्योतीने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते. तिच्या हातात तीन गाठी आणि दोन लिंबं होती, आणि त्यावर कुणी माणूस सुटत नसतो.

४

भूक लागली की पंचायतीची हवा जाते. फाटकाला कुलूप, किल्ली ज्योतीच्या पदराला, आणि ती कुणाला सोडायला तयार नाही. बारा वाजता वेलुसामीने गाडीच्या पेटीतून स्टोव्ह काढला. भात घातला, चिंच-टमाट्याचं पातळ सार उकळलं. मग यंत्राकडे वळून एकच वाक्य बोलला.

"सगळे बसा. माझ्या गाडीपाशी कुणी उपाशी राहत नाही."

चोर म्हणणाऱ्यांना जेवायला घालणं, याच्यापेक्षा मोठी मस्ती कोणती? ज्योतीला तो माणूस फार आवडला. तिने किल्ली सोडून स्वतः रस्त्यापलीकडच्या बागेतून केळीची पानं कापून आणली आणि फाटक पुन्हा लावलं.

पंगत बसली. वाढायला वेलुसामी; तो मागून जेवणार होता. पुंजाजींना खाटेवरून धरून खाली बसवलं. "असलं पाणचट आपल्याला जात न्हाई," असं म्हणत शेषरावही बसले. सार पातळ होतं. धर्मसिंगच्या मनगटावरून ते थेट कोपरापर्यंत ओघळलं आणि तो शिव्या देत बाही वर सारत राहिला. देविदासने भाताचं आळं केलं तरी सार पानावरून निसटून मांडीवर आलं. पुंजाजी मात्र भाताचे चार घट्ट गोळे करून एक थेंब न सांडता जेवले.

जेवण झाल्यावर धर्मसिंगने पान चुरगळून ओट्याला बांधलेल्या बोकडापुढे टाकलं. देविदास पान तसंच उघडं ठेवून उठला. पुंजाजींनी पानाची वरची बाजू अलगद आपल्याकडे मिटली.

ही त्यांची जुनी सवय. ज्योती लहानपणी चिडवायची, "बाबा, पानाला पांघरूण कशापायी घालतेत?" तेव्हा ते सांगायचे: तुरुंगातून सुटल्यावर गाडीभाडं जमेपर्यंत एका खानावळवाल्या म्हातारीने आपल्याला बारा दिवस जेवायला घातलं. भाषा येत नव्हती. तिनेच हात धरून शिकवलं. जेवण आवडलं, पुन्हा येईन, असं म्हणायचं तर पान आपल्याकडे मिटायचं. पलीकडे मिटलं तर ते मयताचं जेवण. तिच्या दारात आपलं पान कधी पलीकडे मिटलं नाही.

ज्योती पानं गोळा करायला वाकली. बापाचं पान उचललं. आणि तिचा हात तिथेच थांबला.

पंगतीत आणखी एक पान आपल्याकडे मिटलेलं होतं. नीट, मध्यावर, कडेला कड जुळवून. पुढच्या जमिनीवर साराचा एक थेंब नव्हता.

तिने ते पान उचललं नाही. फाटकाबाहेर शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला.

५

विश्वंभरशेठ आत आले. घाम पुसत त्यांनी आधी पोलीस मागून येताहेत म्हणून सांगितलं, मग विचारलं, "सही झाली का?"

"न्हाई झाली," ज्योती म्हणाली. "शेठ, पाच मिनिटं द्या. मंग माझा काटा बी घ्या, काय करायचं ते करा."

ती पंगतीच्या जागी उभी राहिली. "हे पान कुणाचं?"

धर्मसिंग म्हणाला, "मुनीमजींचं. माझ्या बाजूलाच बसले व्हते."

"मुनीमजी, पान असं काहून मिटलं?"

"पान हाय. मिटलं. त्यात काय!"

"माझ्या बापानं बी मिटलं. त्यांना एका तमिळ बाईनं शिकवलं. तुमाला कुणी शिकवलं? आमच्यात जेवून उठलं की पान तसंच पडतं. हाताला ही सवय एका जेवणानं लागत न्हाई. बारा दिवस तरी लागतेत, तुमाला तर वर्षं लागली असतील. एक थेंब सांडला न्हाई तुमचा."

शेषराव हसले. हसताना किल्ल्यांचा जुडगा मात्र वाजला नाही. "ऐका शेठ! पान मिटलं म्हणून मी चोर!"

"न्हाई," ज्योती म्हणाली. "पान मिटलं म्हणून तुमाला त्यांची भाषा येते. चोर तुमाला तुमच्याच कागदानं केलं."

तिने कागद काढला आणि शेठच्या हातात दिला.

"हा कागद मुनीमजींनी सकाळी लिहून आणला. यात लिहिलंय, ड्रायव्हर काल सायंकाळी पंपाजवळ तासभर थांबला. हे खरं हाय. पण हे आमाला कळलं नऊ वाजता, या मोबाइलमधून. त्याच्या आधी हे दोघांनाच माहीत होतं. एक जो पंपावर गेला, आन दुसरा ज्यानं त्याला पाठवला. मुनीमजी, तुमाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच सांगितलं!"

"कोणत्या भाषेत?"

शेषरावांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला; शेठने तो मागे ओढला.

"मराठी त्याला येत न्हाई. तमिळ तुमाला येत न्हाई, तुमी म्हणता. खुणा केल्या म्हणाल, तर खुणेनं तासभर कळतो का, पंप कळतो का? डोळ्यानं बघितलं म्हणाल, तर पाचला तुमी हिंगोलीला साखरपुड्यात होता. कोणचं बी एक खरं धरा. दुसरं खोटं पडतंय."

शेठ कागद पुन्हा पुन्हा वाचत होते.

"आन पोती?" शेठ हळूच म्हणाले.

"तुमच्याच गोदामात हायेत. गाडीखालची लिंबं दोनच चिरडली. रात्री गाडी हलली असती तर परत लावताना यानं पुन्हा लिंबं ठिवली असती, चिरडलेली चार निघाली असती. म्हणजे गाडी तिथंच होती, दाराला पाठ लावून. ड्रायव्हर पंपावर, तासाभराचा वेळ, फाळका उघडला की समोर दार. बारा पोती ओढायला दुसरी गाडी लागत न्हाई. लागते ती किल्ली. ती देविदासकडं न्हाई, धर्मसिंगकडं न्हाई. जा, बघा. निळा मार्का भिंतीकडं करून ठिवला असंल."

शेठने हात पुढे केला. शेषरावांनी जुडगा काढायला फार वेळ घेतला.

देविदास आणि धर्मसिंग पळतच गेले. गोदाम हाकेच्या अंतरावर होतं. दहा मिनिटांत धर्मसिंगची आरोळी ऐकू आली, "बाराच्या बारा! भिंतीला तोंड करून!" सकाळपासून संशयाखाली भाजून निघालेल्या माणसाची ती आरोळी होती, नांदेडपर्यंत पोचली असेल.

शेषराव ओट्यावर बसले. चार वर्षं बोअरच्या गाडीवर होतो, म्हणाले. तिकडच्याच लोकांबरोबर खाणं, झोपणं, खडक फोडणं. नांदेडच्या पुढे खरंच कधी गेलो नाही. माल ईरोडला उतरल्यावर कमी भरला असता, तर भाषा न येणाऱ्या ड्रायव्हरचं तिथे आणि इथे कुणी ऐकलं नसतं. हा गडी सकाळी गाठी बघेल असं वाटलं नव्हतं. गाडी काट्याकडे निघालेली दिसली म्हणून घाईत कागद लिहिला, आणि खरा वाटावा म्हणून त्यात पंप घातला.

वेलुसामी त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला आणि तमिळमध्ये काहीतरी बोलला. यंत्र ज्योतीच्या हातात होतं, पण तिने ते पुढे केलं नाही. लागलंच नाही. शेषरावांची मान खाली गेली होती.

शेठने खरी हकिगत दुसऱ्या कागदावर लिहिली आणि शेषरावांपुढे सरकवली. "कर सही."

"थांबा," ज्योती म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"त्यांना आधी वाचून दाखवा. पूर्ण. इथं न वाचता कुणाची बी सही होत न्हाई."

शेठने वाचून दाखवलं. शेषरावांनी ऐकलं, मान हलवली, सही केली. खाटेवरचे पुंजाजी ऐकू येत नसतानाही एकटक त्या पेनकडे पाहत होते.

पोती परत चढली. वेलुसामीने मागच्या तीन गाठी स्वतःच्या हाताने घातल्या, चपट्या, टोक आत खोचून. पडद्यावर चोवीस टन दोनशे आले. शेठने बिल्टी दिली, हात जोडले. वेलुसामीने बिल्टीवरचा आकडा पावतीशी पडताळला, मगच खिशात घातली. मग तो सकाळचा खोटा कागद बोटाने मागितला. ज्योतीने अजून वाटेत असलेल्या पोलिसांसाठी त्याचा फोटो काढून ठेवलाच होता. तिने तो शेठकडून घेऊन दिला.

वेलुसामी पुंजाजींच्या खाटेपाशी गेला. कागद त्यांच्यापुढे धरला आणि मध्यावर, कडेला कड जुळवून, पलीकडच्या बाजूला मिटला.

मयताचं पान! पुंजाजींनी लगेच ओळखलं. मग हसू लागले, इतके की ज्योतीला त्यांची पाठ चोळावी लागली. तिने बापाला असं हसताना लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

वेलुसामीने मिटलेला कागद खाली पुढच्या चाकासमोर ठेवला, त्यावर एक लिंबू ठेवलं आणि गाडी चालू केली. ज्योतीने पदराची किल्ली सोडून फाटक उघडलं.